आधी नंबर, मग चौथरा

नागपूरहून विमानानं ये-जा केलेल्यांना सोनेगावच्या धावपट्टीजवळचं ते मोडकं बोइंग आठवत असेल. २१ जुलै १९९१ ला ते इथं उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. त्याची चाकं बसली, रंग उडाला, भोवती गवत माजलं, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. अखेर २०१५ मध्ये ते ओढून धावपट्टीपासून दूर नेलं. तोपर्यंत चोवीस वर्षं झाली होती. खिडकीतून ते दिसलं की शेजारच्या सीटवरचा माणूस हमखास एखादी कहाणी सांगायचा. कोणी म्हणायचं तस्करीचं आहे, कोणी म्हणायचं मालक पळाला. ते बोइंग ७२० आहे, ७०७ चं धाकटं भावंड, आणि जगात अशी एकंदर १५४ च बनली, हे मला कधी कोणी सांगितलं नाही. मलाही ते बऱ्याच उशिरा कळलं. दीडशेतलं एक विमान आमच्या डोळ्यांदेखत कुजत होतं आणि आम्ही सगळे त्याला 'ते भंगार' म्हणत होतो.

ते प्रवासी विमान होतं, लष्करी नव्हतं. पण जी वस्तू आपल्याला रोज दिसते तिची आपल्याकडे नोंद नसते, हा माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. आणि सध्या तो लष्करी विमानांच्या बाबतीत तातडीचा झाला आहे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. १९६३ मध्ये ज्या गावी हे विमान हवाई दलात आलं, त्याच गावाहून ते गेलं. बासष्ट वर्षांत आठशे सत्तरच्या वर मिग-२१ आपल्याकडे येऊन गेली. त्यांतली कितीतरी आपल्याच राज्यात, नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, कारखान्यात बांधलेली. टीव्हीवर डोळे पुसणारे निवृत्त वैमानिक पाहिले तेव्हाच मनात आलं, की आता मागण्या सुरू होणार. कुठल्या आमदाराला चौकात विमान हवं असेल, कुठल्या कॉलेजला गेटपाशी, कुठल्या नगरपालिकेला बागेत, सेल्फी पॉइंटच्या शेजारी. पुढच्या काही वर्षांत बऱ्याच गावांत चौथऱ्यावर नाक वर करून उभं असलेलं मिग दिसेल. त्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण हे उलट्या क्रमानं करतो. आधी चौथरा बांधतो, मग विमान आणतो, मग पाटी लावतो, आणि हे विमान नेमकं कोणतं, हा प्रश्न राहून जातो.

असं एक विमान मी मामांबरोबर पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका गावाचा नाही. मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. निवृत्त होऊन नागपुरात स्थायिक झाले. एका लग्नाला गेलो होतो, संध्याकाळी वेळ होता म्हणून बागेत गेलो. मिग-२१ उभं होतं. खाली ग्रॅनाइटची पाटी: १९७१ च्या युद्धात पराक्रम गाजवणारं विमान. मी भक्तिभावानं पाटी वाचत होतो. मामा मागून म्हणाले, "काय वाचून राहिला बे? पाठ बघ न त्याची."

पाठ जाड होती. मिगच्या कॉकपिटमागून शेपटीकडे जाणारा जो फुगवटा असतो, तो जुन्या एफएल जातीत, म्हणजे हवाई दलाच्या भाषेत 'टाइप ७७' मध्ये, बारीक असतो. 'बिस' जातीत तो भरदार होतो. एकाहत्तरला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर १४ डिसेंबरला रॉकेटं सोडली ती एफएलनी. बिस आपल्याकडे आलं त्यानंतर, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे बागेतलं विमान युद्धाच्या वेळी जन्मालाही आलेलं नव्हतं. "याची सेवा कमी आहे का?" मामा म्हणाले. "यानं जे केलं ते लिहा न. दुसऱ्याचं मेडल याच्या छातीवर कायले लावता?"

मग त्यांनी नंबर शोधायला सुरुवात केली. चौथऱ्यावर चढवताना कोणीतरी चकचकीत राखाडी ऑइलपेंट फासला होता, मूळ नंबर बुजवून नाकावर सुबक अक्षरांत गावाचं नाव घातलं होतं. मामा विमानाला अगदी चिकटून उभे राहिले आणि मावळत्या उन्हात तिरकं बघत राहिले. जुन्या रंगाची कड नव्या रंगाखालून किंचित उठून दिसते, हे त्यांना ठाऊक होतं. दहा मिनिटांनी त्यांनी खिशातल्या डायरीत एक अक्षर आणि चार आकडे लिहिले.

हवाई दलात विमानाची ओळख त्याच्या नंबरानं होते, हे बाहेरच्यांना नीट कळत नाही. आपण म्हणतो 'नॅट', 'हंटर', 'मारुत'. हँगरमधला माणूस म्हणतो अमुक नंबर. एचएएलनं बांधलेल्या नॅटच्या आकड्यांआधी आयई, हंटरच्या आधी बीए, मारुतच्या आधी बीडी, मिग-२१ च्या आधी सी. प्रत्येक नंबरामागे एक वही असते, फॉर्म ७००, बोलताना नुसतं 'सेव्हन हंड्रेड'. उड्डाणाआधी कोणी काय तपासलं त्याच्या सह्या तिच्यात असतात. पायलट सही करून विमान ताब्यात घेतो आणि उतरल्यावर काय कुरकुरलं ते लिहितो. मामांना तीस वर्षांपूर्वीची विमानं स्वभावासकट आठवतात, आणि आठवतात ती नंबरानंच: अमक्याच्या हायड्रॉलिकला कायम गळती, तमकं गुणाचं. ती वही आणि तो नंबर विमानापासून तुटला, की चौथऱ्यावर उरतो तो पत्रा.

शिवाय विमान हे काही एकाच वेळी जन्मून एकाच वेळी मरणारं शरीर नव्हे. दुरुस्तीच्या रेट्यात एकाचा पंख दुसऱ्याला, दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याला लागते. निकाली काढल्यावर तर दोन-तीन सांगाड्यांमधून एक दिसायला बरं विमान उभं करतात. यात गैर काही नाही. मात्र बाहेरच्या रंगावरचा नंबर हा पुरावा नसतो. तो आतल्या पाटीवर असतो, कारखान्यानं ठोकलेल्या. तिथवर हात घालून तो वाचणारा माणूस लागतो, आणि तो वाचल्याची नोंद ठेवणारं कोणीतरी लागतं.

हे काम बाहेरच्यांनी आपल्याच विमानांवर केलेलं आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरीला लिबरेटर बॉम्बर टाकून दिले. पुन्हा उडू नयेत म्हणून ते मोडतोड करून गेले. एचएएलच्या लोकांनी त्या कचऱ्यातून चाळीसच्या आसपास विमानं उभी केली. जमशेद मुन्शी या टेस्ट पायलटनं ती मोडक्यातोडक्या अवस्थेत कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. जगात इतरत्र लिबरेटर केव्हाच वितळवून झाले होते. मग अमेरिका, ब्रिटन, कॅनडाच्या संग्रहालयांना जाग आली आणि त्यांनी ती आपल्याकडून नेली. आज जगात जे मोजके लिबरेटर उरलेत त्यांतले बरेचसे भारतीय हवाई दलातून गेलेले आहेत. तिकडच्यांनी प्रत्येकाचा कारखान्यातला क्रमांक शोधला, कुठे बांधलं, कोणाला दिलं, कानपूरला कधी पडलं, सगळं लिहून काढलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या हौशी संग्राहकांनी आपल्याकडून स्पिटफायर आणि टेम्पेस्ट या लढाऊ विमानांचे सांगाडे असेच विकत नेले. लंडनच्या आरएएफ म्युझियममधला टेम्पेस्ट भारतातून गेलेला आहे.

याचा राग करायचं मला कारण दिसत नाही. आपण ती भंगाराच्या भावानं काढली, त्यांनी ती विमानाच्या भावानं घेतली.

राग येतो तो डाकोटा या जुन्या वाहतूक विमानाच्या बाबतीत. नागपूरला डाकोटाचं अप्रूप असायला हवं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी बदलून पहाटेपर्यंत परत जायची. त्याच्या सव्वा वर्ष आधी, २७ ऑक्टोबर १९४७ ला, पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटातूनच. ज्या विमानावर काश्मीर टिकलं ते हवाई दलाला उडवून दाखवायचं होतं तेव्हा ते आणावं लागलं कुठून? आयर्लंडच्या भंगारातून. राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये ते घेतलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. ब्रिटनमध्ये ते दुरुस्त झालं. भेट म्हणून देऊ केलं तर सरकारनं आधी नाकारलं, मग पर्रीकर संरक्षणमंत्री असताना होकार आला, आणि २०१८ मध्ये ते उडत भारतात पोचलं. नाव परशुराम, नंबर व्हीपी ९०५. हा नंबर त्याचा स्वतःचा नाही. श्रीनगरला गेलेल्या जुन्या डाकोटाचा नंबर मानानं याला दिला आहे. पण ते उघडपणे सांगितलेलं आहे, लपवलेलं नाही. बागेतल्या त्या मिगमध्ये आणि परशुराममध्ये हा फरक आहे. दोघांनीही दुसऱ्याची ओळख घेतली; एकानं ती उसनी असल्याचं सांगून घेतली.

आणि एक नॅट. ३ सप्टेंबर १९६५ ला स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचा नॅट पाकिस्तानात पसरूरला उतरला. तो आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे, आयई १०८३ या नंबरासकट. शत्रूनं हौसेनं का होईना, पण नंबर जपला.

आता आक्षेप. पहिला अगदी रास्त आहे: मेडिकलच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात तिथे मेलेल्या विमानांना घरं कसली बांधता? मला हा आक्षेप इतका पटतो, की माझी मागणीच मुळी कमी विमानं जपण्याची आहे. सगळं वाचवा म्हणणाऱ्यांचा मला वैताग येतो. आठशे मिग जपणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही. विमान भंगारात जाण्यात अपमान नाही. ॲल्युमिनियम वितळतं, त्याचं काहीतरी नवं होतं. मामांसारखे हँगरमधले लोक याबाबत आपल्यापेक्षा कोरडे असतात. त्यांनी आयुष्यभर एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावले आहेत. त्यांना खुपतं ते नोंद न ठेवता फेकणं. जुन्या विक्रांत या विमानवाहू युद्धनौकेचंच पाहा. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत उभी राहिली, पुरेसा पैसा आणि पुरेशी इच्छा कोणाकडेच नव्हती, आणि २०१४ मध्ये ती तोडायला घेतली. तिच्या लोखंडाचा अंश असलेली मोटारसायकलही निघाली. माझ्या एका मित्रानं ती घेतली आणि सिग्नलला थांबला की टाकीवर हात फिरवतो. हसायला येतं, पण त्याच्या टाकीत काय आहे हे निदान त्याला ठाऊक आहे. बागेतल्या मिगच्या बाबतीत तेवढंही कोणाला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. अशी माहिती उघड कशी करायची? १९६३ चं विमान, जे डझनावारी देशांच्या संग्रहालयांत उभं आहे, त्याचा नंबर आणि सेवेची वर्षं उघड केल्यानं कोणतं गुपित फुटेल, ते मला कळत नाही. चालू विमानांबद्दल कोणी विचारतच नाही. एकूण हा आक्षेप बऱ्याचदा आळसाचा गणवेश असतो. युद्धाचं उदात्तीकरण होतं, असंही काही मित्र म्हणतात. त्यांना माझं उत्तर असं, की उदात्तीकरण खोट्या पाटीतून होतं. खरी वही वाचा, तिच्यात गळती, गंज, रद्द झालेली उड्डाणं आणि अपघातच जास्त सापडतील.

चौथऱ्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण आपण ज्याला जतन म्हणतो ते बहुतेक वेळा सावकाश मारणं असतं. विमान हवेत राहण्यासाठी बनवलेलं असतं, पावसात उभं राहण्यासाठी नव्हे. पाणी जाण्याची छिद्रं रंगानं बुजली की पोटात पाणी साचतं. कबुतरं इंजिनाच्या पोकळीत घरटी करतात आणि त्यांची विष्ठा धातू खाते. आपल्याकडचं मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला बारीक तडे पाडतं, ते पांढुरकं होतं, मग कोणीतरी त्यावरही रंग मारतो. व्हॅम्पायर, आपल्या हवाई दलाचं पहिलं जेट, १९४८ मधलं. त्याचा पुढचा भाग प्लायवूड आणि बाल्साच्या हलक्या लाकडाचा आहे. ते उघड्यावर ठेवणं म्हणजे दिवाणखान्यातलं कपाट अंगणात ठेवणं. जुन्या विमानांच्या डायलवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम असे, इजेक्शन सीटमध्ये स्फोटकं असतात. हे सगळं जाणकारानं काढलं, याची खात्री कागदावर हवी. त्याच विमानाखाली मुलं लपाछपी खेळणार असतात.

म्हणून माझ्या मते, ज्याला विमान हवं त्यानं आधी छप्पर दाखवावं. निदान पत्र्याची शेड, आणि वर्षातून एकदा धुणारा-तपासणारा नेमलेला माणूस. नसेल जमत तर नुसतं नाक न्यावं, कॉकपिटसकट. जगभर लहान संग्रहालयं हेच करतात, आणि मुलांनाही पंखांपेक्षा कॉकपिटमध्येच रस असतो. आणि छप्पर असो वा नसो, त्या विमानाचा नंबर, आतल्या पाटीवरचा क्रमांक, सेवेचा सारांश आणि आजचा पत्ता, हे एका जाहीर नोंदवहीत चढल्याशिवाय कोणतंही विमान फाटकाबाहेर पडू नये. भंगारात जाणारंही नाही. त्याच्या नावापुढे 'तोडलं, अमुक साली' एवढं लिहिलं तरी पुरे.

ही नोंदवही नागपुरात ठेवावी, असं मी म्हणतो ते निव्वळ नागपूरकर म्हणून नव्हे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथं आहे, वायुसेनानगरात. ओझर, कानपूर, चंदीगड, सुलूर इथल्या ज्या डेपोंमध्ये विमानं उघडून पुन्हा जोडली जातात, ते या कमांडखाली येतात. फुटाळ्यावर संध्याकाळी मक्याचं कणीस खाणाऱ्या गर्दीला वरच्या टेकडीवरच्या या मुख्यालयाचा पत्ता असतो, तिथं काय चालतं याचा नसतो. कोणतं विमान कधी उघडलं आणि कधी कायमचं मिटलं, या माहितीची नाळ याच शहराशी जोडलेली आहे. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एअर इंडियानं २०१५ मध्ये सुरू केलेलं विमान दुरुस्ती केंद्र आहे, म्हणजे विमानाच्या पत्र्याला हात लावायची भीती नसलेले तरुणही इथं आहेत. आणि वर्धा रोडपासून काटोल रोडपर्यंत पसरलेल्या कॉलन्यांमध्ये मामांसारखे निवृत्त लोक आहेत, ज्यांच्या डोक्यात नंबर आहेत. या शेवटच्यांकडे वेळ कमी आहे.

जपणं या शहराला नवं नाही. अजब बंगला, म्हणजे इथलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ पासून उभा आहे. मोतीबागेत रेल्वेनं २००२ मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय केलं, तेव्हा छिंदवाड्याची आणि नागभीडची छोटी गाडी धावत होती. पुढे दोन्ही रूळ मोठे करायला घेतले, पण संग्रहालय आधीच तयार होतं. गाडी बंद पडायच्या आधी तिची आठवण ठेवायची सोय करणं, हे रेल्वेला सुचलं. लष्करालाही सुचतं: अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, आणि तिथं प्रत्येक रणगाड्यापुढे तो कुठला, कोणत्या लढाईतला, ते लिहिलेलं सापडतं. चंदीगडला २०२३ मध्ये हवाई दलाचं वारसा केंद्र झालं, पालमचं संग्रहालय तर १९६७ पासून आहे आणि त्यात जगात उरलेलं एकमेव वापिटी विमान आहे. नागपूरनं या रांगेत आणखी एक पालम होऊन उभं राहण्याची गरज नाही. इथं एक शेड, त्यात पाच-सहा विमानं, आणि शेजारच्या खोलीत ती नोंदवही असली तरी मला चालेल. शेड नाही झाली तर खोली व्हावी.

मामांच्या डायरीतला नंबर घेऊन मी त्या बागेच्या व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. विमान बिस जातीचं आहे, एकाहत्तरचं असू शकत नाही, पाटी दुरुस्त करावी, रंगाखालचा नंबर असा असा आहे, तो वर काढावा. हवं असेल तर आम्ही दोघं येऊन दाखवतो. उत्तर आलं नाही. मागच्या महिन्यात तिकडून येणाऱ्या एका भाच्याला मी फोटो काढून आणायला सांगितलं. पाटी तीच आहे. विमानाला मात्र नवा रंग दिला आहे, या वेळी आधी पुट्टी भरून, घासून, अगदी गुळगुळीत. मामांनी फोन हातात घेऊन फोटो मोठा करून पाहिला, नाकापासून शेपटीपर्यंत सरकवला, आणि फोन परत दिला. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि डायरी घेऊन आले. त्या पानाची झेरॉक्स काढून आण, म्हणाले, दोन काढ.